ज्यांनी पोसलं त्यांच्या दारी: जडसनची भेट, बोस्टन १८४५

मिशनरी पाठवणं ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, जमतं. वर्गणी गोळा होते, निरोपाची उपासना होते, डोळे पुसून होतात. पंचाईत होते ती तो परत येतो तेव्हा. आजारपणानं, म्हातारपणानं, कधी बायकोला वाटेत पुरून तो एक दिवस दारात उभा राहतो. हार घालून होतो, चहापाणी होतं, पाळक दोन शब्द बोलतात. मग त्याच्या हातात सभा द्यायची, तर त्यानं नेमकं काय बोलावं अशी आपली अपेक्षा असते? आणि त्यानं वेगळंच काही सांगितलं तर?

या प्रश्नासाठी मी एक जुनं प्रकरण निवडलं आहे: १८४५-४६ साली अ‍ॅडोनायरम जडसन यांनी अमेरिकेतल्या मंडळ्यांना दिलेल्या भेटी. ब्रह्मदेशात जवळजवळ बत्तीस वर्षं काढलेला हा माणूस नऊ महिन्यांसाठी मायदेशी आला होता. काटेकोरपणे पाहिलं तर तो निवृत्त नव्हता, सुट्टीवर होता. खरा निवृत्त मिशनरी या प्रकरणात दुसराच आहे. तो आपल्या मुंबईहून परतलेला होता आणि पहिल्याच सभेत गर्दीत बसला होता. त्याच्याकडे पुढे येतो.

एकाच कळपातले पाच

६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी टॅबर्नॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली: अ‍ॅडोनायरम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. अमेरिकन बोर्ड ही मिशनरी पाठवणारी संस्था १८१० साली स्थापन झाली; तिनं परदेशी पाठवलेली ही पहिली तुकडी. हे सगळे काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाचे, तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देणारे. जडसन आणि न्यूएल ही दोन जोडपी सेलमहून निघाली, बाकीचे फिलाडेल्फियाहून. दोन्ही जहाजं कलकत्त्याला जाणार होती.

वाटेत एक घोटाळा झाला. जडसननं जहाजावर बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास मांडला. कलकत्त्याला पोचल्यावर इंग्लिश बॅप्टिस्टांशी (बाप्तिस्मा फक्त विश्वास ठेवणाऱ्यालाच आणि पाण्यात बुडवूनच द्यावा असं मानणाऱ्यांशी) वाद घालायची वेळ येईल, तेव्हा तयारी असावी म्हणून. अभ्यासाअंती त्यालाच त्यांचं म्हणणं पटलं. सप्टेंबर १८१२ मध्ये त्यानं आणि त्याची बायको अ‍ॅननं कलकत्त्याला नव्यानं बाप्तिस्मा घेतला. काही आठवड्यांनी राइसनंही तेच केलं. म्हणजे ज्या मंडळ्यांनी पै पै जमवून या तरुणांना पाठवलं, त्यांची पहिलीवहिली तुकडी सहा-आठ महिन्यांतच फुटली. आपल्याकडे एखाद्या मंडळीनं शिष्यवृत्ती देऊन सेमिनरीला पाठवलेला मुलगा दुसऱ्याच पंथाचा पाळक होऊन परत आला तर कमिटीच्या बैठकीत काय काय ऐकू येईल, त्याची कल्पना करा.

जडसननं स्वतःहून बोर्डाला पत्र लिहून नातं सोडलं. राइस अमेरिकेला परतला आणि त्यानं गावोगाव फिरून बॅप्टिस्टांना जागं केलं. त्यातून १८१४ मध्ये फिलाडेल्फियाला त्यांचं राष्ट्रीय मिशन अधिवेशन उभं राहिलं. जडसनचा खर्च यापुढे त्यांच्याकडे.

या प्रकरणाची गोम इथे आहे. ज्यांनी जडसनला प्रत्यक्ष पाहिलं होतं, ज्यांच्यासमोर त्यानं गुडघे टेकले होते, ती मंडळी आता त्याची नव्हती. आणि ज्यांनी पुढची एकतीस वर्षं त्याला पोसलं, त्यांतल्या बहुतेकांनी त्याचा चेहराही पाहिलेला नव्हता. ओळख सगळी पत्रांतून आणि मिशनच्या मासिकांतून. मनिऑर्डर नियमित, माणूस मात्र अनोळखी.

मुंबईकडचा फाटा

हॉल आणि नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारला अमेरिकन मिशनरी नको होते; त्यातून इंग्लंड-अमेरिका युद्ध चाललेलं. गव्हर्नर सर इव्हान नेपियन व्यक्तिशः सहानुभूतीचे होते, पण वरून हुकूम होता की यांना बाहेर काढा. नोव्हेंबरात दोघं गुपचूप एका गलबतावर चढून कोचीनला निसटले, तिथून पकडून परत आणले गेले. अखेर राहायची परवानगी मिळाली आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला. पुढे नगरच्या शाळा, नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याचं काम, कवी ना. वा. टिळकांच्या काळापर्यंतचा सगळा इतिहास याच पायावर उभा आहे.

नॉटची तब्येत मात्र टिकली नाही. १८१५ मध्ये तो बायको रोक्सानासह मुंबई सोडून गेला. न्यूएल नंतर मुंबईला आला आणि १८२१ मध्ये पटकीनं तिथेच वारला. हॉलही १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीनंच गेला. राइस १८३६ मध्ये अमेरिकेत. १८४५ साली पाचांपैकी जिवंत होते दोघेच: ब्रह्मदेशातला जडसन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये वेअरहॅम गावी पाळक असलेला नॉट.

बोटीवरून उतरलेला माणूस

जडसनची ब्रह्मदेशातली हकिकत बॅप्टिस्ट घराघरांत माहीत होती. १८१३ मध्ये रंगून. पहिला माणूस ख्रिस्ती व्हायला सहा वर्षं लागली. १८२४ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटल्यावर राजधानी आवाच्या तुरुंगात सतरा महिने बेड्या. बाहेर अ‍ॅन, तान्ह्या मुलीला घेऊन, अधिकाऱ्यांच्या दारांत खेटे घालणारी. १८२६ मध्ये अ‍ॅन गेली, पाठोपाठ ती मुलगीही. १८३४ मध्ये बर्मी बायबलचं भाषांतर पुरं झालं. ते युद्ध संपवणाऱ्या यांदाबोच्या तहाच्या वेळी केलेल्या कामाचे मिळालेले पैसे त्यानं मिशनला दिले आणि १८२८ मध्ये स्वतःची सगळी शिल्लक, बारा हजार रुपये, तीही देऊन टाकली. म्हणजे ज्या मंडळ्या त्याला पोसत होत्या, त्यांच्या वर्गणीदारांच्या यादीत तो स्वतःही होता, आणि बऱ्याच वरच्या क्रमांकावर. सत्काराच्या भाषणांत ही बाब सहसा येत नसे.

तो परत आला तो स्वतःसाठी नाही. दुसरी बायको सारा फार आजारी होती. समुद्रप्रवासानं वाचेल तर वाचेल, असं डॉक्टरांचं म्हणणं. एप्रिल १८४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या मौलमीनहून निघाले, तेव्हा तीन मोठी मुलं बरोबर घेतली, तीन लहानगी मागे ठेवली. तो करत असलेल्या बर्मी शब्दकोशाचं काम बुडू नये म्हणून दोन बर्मी सहायकही घेतले होते. मॉरिशसला साराला बरं वाटू लागलं, म्हणून ती एकटीच पुढे जाईल आणि आपण परतू असं ठरवून त्यानं त्या दोघांना माघारी पाठवलं. मग तिची तब्येत पुन्हा ढासळली. १ सप्टेंबरला सेंट हेलेना बेटाच्या बंदरात ती गेली. त्याच दिवशी तिला बेटावर पुरलं आणि त्याच संध्याकाळी जहाज सुटलं. मागे ठेवलेल्या लहानग्यांपैकी एक मूल तिच्याही आधी वारलं होतं. ते त्याला बऱ्याच दिवसांनी कळलं.

१५ ऑक्टोबरला बोस्टन. उतरण्यापूर्वी त्याला एकच काळजी होती: शहरात परवडेल अशी राहायची जागा मिळेल ना? आपल्या येण्याची तिकडे कोणाला काही पडली असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दोन अडचणी होत्या आणि दोन्ही त्यानं आधीच पत्रानं कळवल्या होत्या. पहिली आवाजाची. छाती आणि घसा इतका बिघडला होता की कुजबुजण्यापलीकडे बोलवत नसे, आणि वैद्यांनी सभेत बोलायला मनाई केलेली. दुसरी भाषेची. बर्मीमध्ये चांगला उपदेशक व्हायचं म्हणून त्यानं इंग्रजीतून उपदेश करणं जाणूनबुजून सोडलं होतं. आता तीन वाक्यंही धड जुळत नाहीत, असं त्यानं लिहिलं होतं. हा कॉलेजात पहिला आलेला विद्यार्थी! तेव्हा मला सभांमधून माफ करा, अशी त्याची विनंती होती.

विनंती वाचली सगळ्यांनी. दोन दिवसांनी सभा ठेवली.

बोडन स्क्वेअर, १७ ऑक्टोबर

बोडन स्क्वेअर बॅप्टिस्ट चर्च खच्चून भरलं होतं. डॉक्टर डॅनियल शार्प यांनी स्वागताचं भाषण केलं. मग जडसन उभा राहिला. तो हळू आवाजात एक वाक्य बोलायचा आणि शेजारी उभे असलेले विल्यम हेग ते वाक्य मोठ्यानं लोकांना सांगायचे. आपल्याच माणसाचं आपल्याच भाषेतलं बोलणं दुभाष्यामार्फत ऐकणारी ही सभा मला फार बोलकी वाटते. तेहतीस वर्षं त्याच्याबद्दल दुसऱ्यांकडूनच ऐकलं होतं. तो समोर उभा राहिला तरी तेच.

सभा चाललेली असतानाच एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत पुढे आले. बहुतेकांना ते कोण हे माहीत नव्हतं. जडसननं त्यांना ओळखलं आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. ते सॅम्युएल नॉट होते. सेलमला एका बाकावर बसलेल्या पाचांपैकी उरलेले दोन. एक आता बॅप्टिस्ट, एक अजून काँग्रिगेशनल. एकाच्या नावानं सगळं शहर लोटलेलं, दुसऱ्याला त्याचं नाव सांगून ओळख करून द्यावी लागली. नॉटही त्या सभेत बोलले.

या भेटीवर लिहिणारे बहुतेक जण इथे जडसनबद्दल गहिवरून थांबतात. मला नॉटजवळ थांबावंसं वाटतं. त्यानं मुंबईत जेमतेम अडीच-पावणेतीन वर्षं काढली, तीही अर्धीअधिक सरकारी हुकमांशी झगडण्यात. हातून ना भाषांतर झालं, ना मंडळी उभी राहिली. तब्येतीनं दगा दिला आणि तो घरी परतला. मग वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांतलं पाळकाचं काम केलं. आपल्या मंडळ्यांत असे नॉट बरेच असतात. नागालँडला किंवा डांगात दोन वर्षं जाऊन मलेरियानं परत आलेला, किंवा बायकोच्या आजारपणानं मिशन हॉस्पिटल सोडून आलेला. त्याचं नाव स्मरणिकेत नसतं. पण मुंबईत पहिल्या वर्षी परवाना नसताना टिकून राहायचं कसं, हे सांगू शकेल असा माणूस १८४५ साली अमेरिकेत बहुधा हा एकटाच उरला होता. हद्दपारीचा हुकूम हातात असताना गव्हर्नराला अर्ज कसा लिहायचा, हे नव्या मिशनऱ्याला जडसनच्या तुरुंगकथेपेक्षा जास्त उपयोगी पडलं असतं. यश मिळालेल्याला बोलवायचं आणि मधूनच परतलेल्याला मागच्या बाकावर ठेवायचं, ही मंडळीची सवय तिलाच महागात पडते.

गोष्ट हवी होती

पुढचे महिने जडसन फिरत राहिला. प्रॉव्हिडन्सला त्याचं जुनं कॉलेज, प्लिमथला बहीण, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, रिचमंड. देश ओळखीचा राहिला नव्हता. तो गेला तेव्हा आगगाडी नव्हती. आता तो डब्यात बसला असताना एक पोरगा वर्तमानपत्र घेऊन आला. जडसननं हसून घेतलं, आभार मानले, वाचू लागला. पोरगा तिथेच उभा. शेवटी शेजारच्या बाई म्हणाल्या, तो पैशांसाठी थांबलाय. जडसन ओशाळला. इतकी वर्षं मी ब्रह्मदेशात पत्रकं फुकटच वाटत आलो, म्हणाला, की हा पैसे मागत असेल हे डोक्यातच आलं नाही.

सभांमध्ये त्याची स्तुती सुरू झाली की त्याची मान खाली जायची, आणि स्तुती लांबली तर आणखी खाली. हे ज्यांनी पाहिलं त्यांनी लिहून ठेवलंय. मला प्रश्न पडतो: हे दिसत असतानाही वक्ते थांबत का नव्हते? उत्तर कठोर आहे, पण देतो. ते भाषण त्याच्यासाठी नव्हतंच. आपण दिलेले पैसे कारणी लागले, याची खात्री मंडळी स्वतःलाच करून देत होती, आणि त्यासाठी व्यासपीठावर एक जिवंत पुरावा लागत होता. आपल्याकडे पन्नास वर्षांच्या सेवेबद्दल शाल-श्रीफळ देताना मानपत्र वाचणारा जेवढा वेळ घेतो, तेवढा वेळ मानकऱ्याला मिळाल्याचं मी तरी क्वचितच पाहिलंय.

एका लहानशा गावातला प्रसंग तर या प्रकरणाचा गाभाच आहे. तो एमिली चबकनं लिहून ठेवला. ही न्यूयॉर्क राज्यातली लेखिका. जडसननं तिचं पुस्तक डिसेंबरात प्रवासात वाचलं, नाताळच्या दिवशी तिला भेटला आणि पुढच्या जूनमध्ये तिच्याशी लग्न केलं. मंडळ्यांत यावरूनही बरीच कुजबुज झाली, कारण ती हलक्याफुलक्या गोष्टी लिहिणारी. तर त्या गावी चर्च भरलेलं, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. तो पंधरा मिनिटं बोलला: ख्रिस्तानं आपल्यासाठी काय केलं आणि आपण त्याचं काय देणं लागतो. साधं, मनापासून. आणि बसला. परतताना एमिलीनं सांगितलं की लोक नाराज झाले. त्यानं विचारलं, का? मी तर मला जमेल तितकं चांगलं बोललो. ती म्हणाली, त्यांना काहीतरी वेगळं हवं होतं, एखादी गोष्ट. मग दिली की गोष्ट, तो म्हणाला, याहून थरारक कोणती आहे? ती म्हणाली, ती त्यांनी ऐकलेली होती. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या माणसाकडून नवीन काही हवं होतं. त्यावर त्याचं म्हणणं असं: मग बरंच झालं. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्याकडेही याहून चांगलं सांगण्यासारखं काही नाही, हे तरी त्यांना कळलं.

प्रवचनांत हा किस्सा हमखास सांगतात आणि सगळी मंडळी जडसनच्या बाजूनं माना डोलावते. मी अर्धाच डोलावतो. त्याच्या मनातलं समजतं: तुरुंग, बेड्या, मेलेल्या बायका या गोष्टी त्याला करमणुकीसाठी वापरायच्या नव्हत्या. तिथे तो बरोबरच होता. पण त्या गावच्या लोकांचं अगदीच चुकलं होतं का? त्यांनी एकतीस वर्षं अंडी आणि लोणी विकून पैसे पाठवले होते असं समजा. ब्रह्मदेशात एखादं गाव दिसतं कसं, तिथली मंडळी रविवारी काय करते, त्यांचा पैसा कुठे खर्च होतो, हे विचारायचा त्यांना हक्क होता. थरार नको; माहिती तरी? तिथल्या करेन जमातीतल्या मंडळ्या तेव्हा झपाट्यानं वाढत होत्या. बर्मी शब्दकोशाला इतकी वर्षं का लागतात, हे कोणी विचारलं असतं तर तो, आवाज नसतानाही, अर्धा तास बोलला असता. पण सभेचा साचा दोनच गोष्टी जाणत होता: प्रवचन आणि साहसकथा. तिसरा रकाना नव्हता. तो असता तर दोन्हीकडचा हिरमोड टळला असता.

न्यूयॉर्कला तो बोलला

नऊ महिन्यांत एक बैठक अशी झाली जिथे त्यानं वैद्यांची मनाई मोडली. नोव्हेंबर १८४५ मध्ये बॅप्टिस्टांचं विशेष अधिवेशन न्यूयॉर्कला भरलं होतं. मिशन कर्जात होतं. उपाय म्हणून सुचवलं गेलं की ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आराकानचं काम बंद करावं. खर्च कमी, माणसं कमी, ताळेबंद जुळतो.

जडसन उठला. मला बोलायची मनाई आहे, पण दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही, म्हणाला. आराकान सोडायला माझा विरोध आहे. मग पडणाऱ्या आवाजात त्यानं कारणं दिली. आणि शेवटी म्हणाला की, अधिवेशनाला वाटत असेल की शब्दकोश माझ्यावाचून पुरा होईल, तर मीच ताबडतोब आराकानला जातो. त्यानंतर त्याच्याच्यानं बोलवेना. उरलेलं कुजबुजत सांगितलं, शेजारच्यानं लोकांपर्यंत पोचवलं.

आराकान त्या वेळी सुटलं नाही.

त्याच्या या एका बोलण्यात बाकीच्या सगळ्या सभांहून जास्त वजन होतं, ते का? इथे तो सत्कारमूर्ती नव्हता. ठराव पुढे होता, पैशाचा हिशोब पुढे होता, आणि हा माणूस त्या किनाऱ्याची नस जाणणारा होता. तो बोलला कामाबद्दल, स्वतःबद्दल नाही. भेटीच्या नियोजकांनी त्याला बाकी नऊ महिने व्यासपीठांवर फिरवण्याऐवजी हिशोबाच्या चार बैठकांत बसवलं असतं, तर त्याचा घसाही वाचला असता.

रिचमंड

आता प्रकरणातला सगळ्यात अडचणीचा भाग. तो कोणी फारसा सांगत नाही.

जडसन अमेरिकेत उतरण्याआधी पाचच महिने, मे १८४५ मध्ये, बॅप्टिस्ट दुभंगले होते. वाद होता गुलामांचे मालक असलेल्यांना मिशनरी म्हणून पाठवावं की नाही यावर. उत्तरेकडच्यांनी नकार दिला, दक्षिणेकडच्यांनी जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे आपलं वेगळं अधिवेशन काढलं. म्हणजे जडसनला पोसणारं घर फुटलं होतं. एकतीस वर्षं जो पैसा आला, त्यात व्हर्जिनिया आणि जॉर्जियाच्या मळ्यांचा पैसाही होता. गुलामांनी पिकवलेल्या कापसाचा आणि तंबाखूचा.

फेब्रुवारी १८४६ मध्ये तो रिचमंडला गेला. तिथले बॅप्टिस्ट पाळक जेरेमाया जेटर यांनी मोठं स्वागत केलं. उत्तर देताना जडसननं दक्षिणेच्या नव्या मिशन संस्थेला शुभेच्छा दिल्या. मी परदेशात काम करणारा साधा मिशनरी, इथल्या ख्रिस्ती लोकांना शिकवायला आलो नाही, असं म्हणाला. आणि सल्ला एवढाच दिला की उत्तरेकडचे तापट लोक यापुढेही झोंबणारी भाषा वापरत राहिले तर दक्षिणेनं सभ्य मौन पाळावं.

रिचमंड हे तेव्हा गुलामांच्या लिलावाचं मोठं ठाणं होतं.

त्याची बाजू मांडता येईल. पाहुणा म्हणून गेला होता. दोन्हीकडच्या मंडळ्यांचा तो ऋणी होता. देशाबाहेर तेहतीस वर्षं काढल्यामुळे वादाची धार त्याला उमगली नसेल. आवाच्या तुरुंगात स्वतः पायांत बेड्या घालून पडलेल्या माणसाला ही धार उमगली नसेल, हे मला पटत नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या ओसरीवर बसून त्याचं चुकतंय हे सांगणं अवघड असतं, एवढाच याचा अर्थ. आणि परतलेल्या मिशनऱ्याच्या भेटींत ही अडचण कायम असते: दात्याच्या दारात उभा असलेला माणूस दात्याबद्दल मोकळेपणानं बोलू शकत नाही. मंडळीलाच जर खरं ऐकायचं असेल, तर त्याचा पगार, पेन्शन, परतीचं तिकीट हे सगळं त्या सभेच्या आधी ठरलेलं आणि दिलेलं असायला हवं. आपल्याकडे उलट चालतं. आधी सभा, मग सभेत फिरणारी दानाची पिशवी, आणि पिशवीत जमेल तेवढ्यावर पाहुण्याचा प्रवासखर्च.

भेटीनंतरचा हिशोब

११ जुलै १८४६ रोजी जडसन आणि एमिली बोस्टनहून निघाले. निरोपालाही गर्दी झाली. मौलमीनला पोचल्यावर, फेब्रुवारी १८४७ मध्ये तो पुन्हा रंगूनला गेला. तिथे उघडपणे उपदेशाला बंदी होती. आवाला राजाकडे जाऊन परवानगी मिळवायचा त्याचा बेत होता. आवालाच त्याला बेड्या पडल्या होत्या, तरी जायची तयारी होती. घर अंधारं, वटवाघळांनी भरलेलं, खाण्यापिण्याचे हाल, एमिली आजारी, मुलं आजारी.

आवाच्या प्रवासाला पैसे लागणार होते. आले ते काटकसरीचे हुकूम. ज्या मंडळ्यांनी वर्षभरापूर्वी त्याच्यासाठी चर्चं भरली होती, त्यांच्याच बोर्डानं ब्रह्मदेशाच्या कामाची रक्कम कापली होती. जडसननं त्या वेळी लिहिलेलं पत्र त्याच्या बाकी पत्रांसारखं नाही. अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्या मिशनच्या बाबतीत काळाच्या मागे आहेत, असं त्यानं स्पष्ट लिहिलं; साचलेल्या कर्जाखाली गुदमरायला लागलं की त्या मधूनच एक आचका देतात, मग पुन्हा निवांत झोपतात, आणि इकडे हातपाय गळावेत असे कपातीचे हुकूम येतात. एमिलीनं त्या दिवसांतलं त्याचं बोलणंही नोंदवून ठेवलं आहे. त्यांचं माझ्यावर प्रेम आहे असं मला वाटलं होतं, तो म्हणायचा. मी मेलो असतो तरी त्यांना पत्ता लागला नसता.

म्हणून या भेटीचं मूल्यमापन करताना मी बोडन स्क्वेअरची गर्दी मोजत नाही. ती गर्दी खोटी नव्हती. रडणारे खरंच रडत होते. पण त्या भावनेला मंडळीच्या वार्षिक अंदाजपत्रकापर्यंत नेणारी वाट कोणी आखलेली नव्हती. सभेच्या शेवटी अमुक वर्षांसाठी अमुक रक्कम, असा ठराव झाला असता, किंवा जडसनला पाहिलेल्या प्रत्येक मंडळीनं एक माणूस नेमून त्याच्याशी पत्रव्यवहार चालू ठेवला असता, तर रंगूनचं ते पत्र कदाचित वेगळं असतं. आज एखाद्या मंडळीची मिशन कमिटी निवृत्त मिशनरी जोडप्याला बोलावते, तेव्हा मी तिला तीन गोष्टी विचारतो. त्यांच्या पेन्शनीची आणि औषधपाण्याची व्यवस्था कोण पाहतं? त्यांनी सुरू केलेलं काम आज कोणाच्या हाती आहे, आणि त्याचा यंदाचा खर्च तुम्ही देताय का? आणि तिसरी: याच कामातून मधेच परतलेलं दुसरं कोणी तुमच्या मंडळीत बसलंय का, ज्याला तुम्ही व्यासपीठावर बोलावलेलं नाही? पहिल्या प्रश्नाला बहुतेकदा गप्प बसतात. तिसऱ्याला एखादी वयस्क बाई हळूच एक नाव घेते.

आवाचा बेत जडसनला सोडावा लागला. १८४७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस तो कुटुंबासह मौलमीनला परतला आणि शब्दकोशाला पुन्हा जुंपला. इंग्रजी-बर्मी भाग १८४९ मध्ये पुरा झाला. बर्मी-इंग्रजी भाग अर्धवट असताना त्याची तब्येत कोसळली. १२ एप्रिल १८५० रोजी तो समुद्रप्रवासात वारला. तो भाग सहकाऱ्यानं पुरा करून १८५२ मध्ये छापला.